चाचणीची काच

अंबागेटच्या आत, परकोटाच्या भिंतीला पाठ टेकून उभा असलेला अंबिका फोटो स्टुडिओ त्या उन्हाळ्यात अकोल्याला हलायचा होता. साल एकसष्ट. इथला जागामालक जागा मागत होता आणि अकोल्यात टिळक रोडवर एका नव्या इमारतीचा वरचा मजला मिळाला होता. त्याला उत्तरेकडे मोठ्या खिडक्या होत्या. फोटोवाल्याला उत्तरेचा उजेड मिळाला की तो बाकी कशालाच नाही म्हणत नाही.

स्टुडिओ पाठकांच्या दोघा भावांचा. थोरला उद्धव, धाकटा कमलाकांत. उद्धवने लग्न केलं नव्हतं. उंच, हसरा माणूस. अर्धं आयुष्य कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली गेलेलं. कमलाकांत संसारी आणि शिस्तीचा. घरात मिठाची बरणी कुठल्या फळीवर असावी हेसुद्धा त्याने ठरवून दिलं होतं, आणि त्याची बायको प्रमोदिनी ती बरणी रोज आपल्या सोयीने हलवत असे. आईवडील लवकर गेले तेव्हा उद्धवनेच त्याला वाढवलं, शाळेत घातलं, हाताला धरून धंदा शिकवला. कमलाकांत हे कधी बोलून दाखवत नसे. पण दादाच्या पानात पहिली पोळी पडल्याशिवाय त्याचा हात आपल्या पानाकडे जात नसे.

चुना लावून घ्यायला आणि डार्करूम बांधून घ्यायला उद्धव पुढे अकोल्याला गेला. मागे राहिले कमलाकांत, फोटोतल्या चेहऱ्यांवरचे डाग पेन्सिलीने झाकणारा देवमन, आणि काचा.

काचा हाच खरा प्रश्न होता. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात फिल्म नसे, काच असे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की एक काच खर्ची पडायची, आणि त्याच काचेवरून पुढे हव्या तितक्या प्रती निघायच्या. अशा पंचवीस वर्षांच्या काचा लाकडी पेट्यांमधून छपरापर्यंत रचून ठेवलेल्या. सगळी अमरावती त्यात उलटी होऊन बसली होती, काळ्या तोंडाची आणि पांढऱ्या केसांची. एवढं ओझं वरच्या मजल्यावर चढवायची सोय नव्हती. तेव्हा ठरलं असं की, कामाच्या काचांची फिल्मवर नक्कल करायची, नक्कल तेवढी अकोल्याला न्यायची. बिनकामाच्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुवायच्या. धुतलेली काच तसबिरी मढवणारा घेतो.

आता कामाचं कोणतं आणि बिनकामाचं कोणतं? दुसरा कोणी असता तर एकेक काच उजेडाला धरून बसला असता. कमलाकांतने नियम केले. लग्नं, शाळा-कॉलेजचे गट, पुन्हा प्रत मागायला येतील अशी घरं, यांच्या पेट्यांवर लाल खडूची रेघ, त्यांची नक्कल. हललेले, डोळे मिटलेले, आणि काढून गेल्यावर कोणी न्यायलाच न आलेले, यांच्यावर पांढऱ्या खडूची फुली. पांढरी फुली म्हणजे धुवा.

"आणि चाचणीच्या?" उद्धव टांग्यात बसत होता तेव्हा कमलाकांतने विचारलं होतं.

काचांचा नवा खोका फोडला की पहिली काच चाचणीला जायची. खोका नीट निघाला की नाही, उजेड किती घेतो, हे बघायला. त्या वेळी खुर्चीत उद्धव स्वतः बसायचा, छातीशी खोक्याचा नंबर लिहिलेली पाटी धरून, आणि कमलाकांत भिंगावरचं झाकण काढायचा. एरवी उद्धव कॅमेऱ्यासमोर कधी आलाच नाही. घरातल्या भिंतीवरच्या फोटोत सगळे होते, काढणारा सोडून.

"त्या तर बिनधास्त धू," उद्धव हसला. "माझं थोबाड कोण विकत घेणार?"

टांगा वळला तरी त्याचा हात बाहेर हलत होता.

*

मागच्या अंगणात चूल मांडली. घंगाळात सोड्याचं पाणी कढत ठेवायचं, काच आत सोडायची. थोड्या वेळाने तिच्यावरचा थर दुधावरच्या सायीसारखा सैल होऊन सुटायचा आणि पाण्यावर तरंगायचा. कोणाचं धोतर, कोणाचं पागोटं, कोणाचा हात. मग तो विरघळून जायचा. धुतलेल्या काचा देवमन भिंतीला टेकवून ठेवी. दुपारी त्यांच्यावर ऊन पडलं की डोळे दिपून जात. तसबिरीवाला आठवड्याला फेरी करी आणि हातगाडीवर घालून घेऊन जाई. कोणाच्या तरी काचेमागे आता लक्ष्मी बसली असेल, असं कमलाकांत म्हणे आणि आपल्याच बोलण्यावर खूश होई.

पहिली गोष्ट देवमनने सांगितली ती काच पुसता पुसता, सहज.

"कमलभाऊ, सुंदराबाई यंदा आली नाई ना जी?"

सुंदराबाई देवमनच्याच मोहल्ल्यातली, फ्रेजरपुऱ्यातली. तिचा श्रावण तापाने गेला तेव्हा त्याचा एकही फोटो नव्हता, म्हणून गेल्यावर चटईवर निजवून काढला होता. उद्धव स्वतः तिच्या घरी कॅमेरा घेऊन गेला होता. दर चैत्रात ती नवी प्रत मागायला यायची, कारण जुनी हात फिरवून फिरवून झिजून जायची.

कमलाकांतने हातातला खडू खाली ठेवला. त्या काचेतल्या मुलाचे डोळे मिटलेले होते. डोळे मिटलेल्या काचांची पेटी केव्हाच धुऊन झाली होती.

"आता तिला सांगायचं काय?"

"सांगाचं कायचं? मीच इचारलं काल नळावर. म्हनलं, मावशी, श्रावणचा फोटो न्याचा नाई का यंदा? तं माह्या तोंडाकडं पाहून राहिली. म्हनते, कोन श्रावण?"

"दुःखानं म्हणाली असेल रे."

"नाई जी. दुःख असतं तं मले समजलं असतं." देवमनने काच खाली ठेवली. "हासली थे. म्हनते, मले तं दोन पोरीच हायेत. घरातली तसबीर दाखवली मले. म्हनते, हे कोनाचं पोट्टं हाय बावा, आमच्या भितीवर कसं आलं? उतरवून ठेवली तिनं."

"वय झालं की असं होतं," कमलाकांत म्हणाला.

"दोघी पोरीईलेबी नाई आठवत. मोहल्ल्यात सगळ्याईले आठवते. घरातच नाई."

कमलाकांतने घंगाळाकडे पाहिलं. पाणी शांत होतं. तो हिशोबी माणूस होता. एका म्हातारीच्या विसरण्यावरून काम थांबवणं त्याला पटेना. पण मनाला लागलं खरं. दुसऱ्या पेटीत डोळे मिटलेली काच निघाली तर ती विचारल्याशिवाय धुवायची नाही, असं त्याने देवमनला बजावलं. बाकी पांढरी फुली तशीच राहिली.

*

तानुबाई आली ती भर दुपारी. बाहेर उन्हाचा कहर होता, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दाराला लावलेलं ओलं गोणपाट बाजूला सरलं आणि एक तरणी बाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. काखेत बोचकं, पाय धुळीने पांढरे.

"जी भाऊ, मले ओयखलं का?"

कमलाकांतने ओळखलं. गेल्या वर्षी अंबादेवीच्या दर्शनाला आलेलं नवीन जोडपं, परतवाड्याकडचं. नवरा लाकडाच्या डेपोत कामाला. हिला खुर्चीत बसल्यावर हसू आवरेना म्हणून काच दोनदा घालावी लागली होती.

"तुम्हाला हसू येत होतं," तो म्हणाला. "पुन्हा काढला होता तुमचा. फोटो न्यायला मात्र कोणी आलं नाही."

बाई तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्याने नाही. बऱ्याच वेळापासून धरून ठेवलेलं सुटावं तसं.

"तुमी ओयखलं," ती म्हणाली. "परके सगळे ओयखतात मले. घरचेच नाई ओयखत."

देवमन मागच्या अंगणातून हात पुसत आला होता. त्याने तिला पाणी दिलं. ती घोट घोट घेत सांगू लागली.

"पयले त्याईच्या तोंडून माहं नाव चुकलं. मले वाटलं, मस्करी करून राहिले. दिवस कलला तं इचारते, बाई, तू कोन्या गावची? सासू म्हने, वाट चुकली असंल बिचारी, भाकर द्या तिले. माह्याच घरात मले भाकर वाढली भाऊ, पावनीसारखी. मंग रातच्याले म्हनते, आता जाय तू आपल्या घरी."

"माहेरी नाही गेलात?"

"गेली ना. बाप दारात उभा. सारं गाव सांगून राहिलं त्याले, डोमाजी, हे तुही तानू. थो म्हनते, मले लेकच नाई." तिने बोचकं छातीशी धरलं. "थो फोटो द्या भाऊ. त्याईनंच हौसनं काढाले लावला होता माहा एकलीचा. थो पाह्यल्यावर तं नाई म्हनता येनार नाई ना त्याईले?"

कोणी न नेलेल्या काचांची पेटी. पांढरी फुली. मागच्याच आठवड्यात तिच्या काचा हातगाडीवरून गेल्या होत्या.

कमलाकांत तिच्या पायांकडे पाहत राहिला. सुंदराबाईचा श्रावण निदान या जगात नव्हता. ही समोर बसली होती, हिच्या पायांची धूळ त्याच्या फरशीवर उमटली होती. परके ओळखतात. घरचे नाही. आणि दोघांच्याही काचा त्या घंगाळातून गेलेल्या.

असं होत नसतं, असं त्याने स्वतःला ठणकावून सांगितलं. मग त्याच्या मनाने, त्याला न विचारता, उरलेल्या पेट्या मोजायला सुरुवात केली. पांढऱ्या फुलीची एकच शिल्लक होती, चाचणीच्या काचांची. सगळ्यात खाली दडपलेली, म्हणून मागे राहिलेली.

"देवमन," तो म्हणाला, "आज सकाळपासून कोणती पेटी धुतो आहेस?"

देवमनने उत्तर देण्याआधीच तो अंगणाकडे धावला होता.

पेटी रिकामी होती. भिंतीला काचांची रांग लागली होती, लख्ख, ओली, आणि प्रत्येक काचेतून पलीकडची भिंत दिसत होती.

"तुमीच तं सांगतलं होतं जी," देवमन मागे येऊन म्हणाला, "पांढऱ्या फुलीच्या पेटीले इचारा लागत नाई. मिटल्या डोयाचे तेवढे सोडून." त्याने भिंतीच्या काचांकडे हात केला. "मोठेभाऊ होते सगळ्याईत. काया केसापासून तं पांढऱ्या केसापरेंत. मी पाहून राहिलो होतो एकेक. मले काय मालूम हे जित्या मानसाईलेबी..."

घंगाळात शेवटच्या काचेचा थर अजून तरंगत होता. कमलाकांतने दोन्ही हात कढत पाण्यात घातले. चटका बसला तरी काढले नाहीत. ओंजळीत तो थर अलगद उचलला: एक खांदा, एक कान, पाटीचा कोपरा. तोंडाचा भाग घडी पडून आत दुमडला होता. तो उलगडायला त्याने बोट लावलं, आणि सगळं मिळून एक करडा चिकट गोळा झाला आणि बोटांमधून गळून गेला.

*

कमलाकांत घाबरला होता, पण बावचळला नव्हता. काच धुतल्याने जे जातं ते नवी काच काढल्याने परत येत असेल, असा एक धागा त्याने धरला. धागाच तो, पण दुसरं काही हाती नव्हतं. मोठा कॅमेरा अजून बांधलेला नव्हता. खोक्यात काचा होत्या. बडनेऱ्याहून अकोल्याला साडेतीनची पॅसेंजर होती.

आधी त्याने तानुबाईला खुर्चीत बसवलं. तिची काच त्याच्या नियमाने गेली होती, तेव्हा पहिला हक्क तिचा. या वेळी ती हसली नाही. प्रत ओलीच तिच्या हातात दिली आणि देवमनला म्हणाला, "हिच्याबरोबर परतवाड्याला जा. तिच्या माणसाला दाखव. तूही सांग."

"अन् तुमी एकले अकोल्याले जाता? मी संगं येतो. मले मोठेभाऊ आठवून राहिले, मले आठवतीलच. मी तं परका."

"तिला एकटीला कोण धाडणार?"

देवमनने तिचं बोचकं उचललं. जाताना मात्र उंबऱ्यातून वळला. "कमलभाऊ, मोठेभाऊ भांग कोन्या बाजूनं पाडते?"

"उजव्या," कमलाकांत म्हणाला. मग थांबला. "नाही. डाव्या?"

देवमनचा चेहरा पाहून त्याने पुढे विचारलं नाही.

घरी पोचला तेव्हा स्वयंपाकघरात सांबारवड्यांचा वास भरून राहिला होता. कोणी अकोल्याला जाणार असलं की उद्धवसाठी त्या जायच्याच. दुसऱ्या दिवशी नकला घेऊन कोणीतरी जायचं होतं, म्हणून प्रमोदिनीने सकाळीच कोथिंबीर निवडायला घेतली होती. आता ती डब्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो, इतक्या वड्या मी कोणासाठी केल्या? तुम्हाला तर पित्त होतं."

"दादासाठी."

"कोणत्या दादासाठी?"

तिने ते साधेपणाने विचारलं, वाण्याचं नाव विचारावं तसं. बारा महिने तिच्या हातचं जेवणारा, तिला बहिणीसारखी मानणारा माणूस, आणि ती डोळे मोठे करून उत्तराची वाट बघत होती. कमलाकांतने डबा उचलला, आणि खिशातल्या रुमालाला करकचून गाठ मारली. लहानपणी शाळेत काही विसरू नये म्हणून दादा अशीच गाठ मारून द्यायचा. तेवढं अजून आठवत होतं.

*

गाडीत गर्दी बेताची होती. कॅमेऱ्याची पेटी त्याने मांडीशी धरली. आत काच घालून तयार होती. पोचायचं, दादाला खुर्चीत बसवायचं, झाकण काढायचं. समोर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसले होते, कापसाचे दलाल. मूर्तिजापूरला उतरून यवतमाळची छोटी गाडी धरणार होते.

परके विसरत नाहीत. कमलाकांतने त्यांना सांगायला सुरुवात केली.

सगळं सांगितलं. दादा किती उंच, दारातून वाकून यावं लागतं. आपल्याला टायफॉइड झाला तेव्हा कॅमेऱ्याचं काळं कापड ओलं करून रात्रंदिवस वारा घालत बसला होता. पहिला फोटो बिघडवला तेव्हा रागावला नाही. म्हणाला, बिघडला म्हणजे तुला उजेड कळायला लागला. दलाल मान डोलवत होते. त्यांनाही असा भाऊ हवा होता, असं म्हणाले.

कुरूम गेलं.

"आवाज कसा आहे हो तुमच्या दादांचा?" दलालांनी विचारलं.

कमलाकांतने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून नेलेली काळी रानं मागे पळत होती. त्याने खिशातली गाठ चाचपली. उद्धव, उद्धव, उद्धव. तो ओठातल्या ओठात म्हणत राहिला. पुष्कळदा म्हटलेल्या शब्दाला अर्थ उरत नाही, तसं व्हायला लागलं, म्हणून थांबला.

माना गेलं.

"मी काय सांगत होतो?"

"काळ्या कापडाचं. टायफॉइड."

"हां. कोणीतरी वारा घालत होतं."

दलाल त्याच्याकडे जरा निरखून पाहू लागले.

मूर्तिजापूरला ते उठले, टोपी नीट केली, वळकटी काखेत मारली. खिडकीतून हात आत घालून म्हणाले, "चांगला वेळ गेला बरं का. तुमच्या दादांना आमचा नमस्कार सांगा."

"सांगतो," कमलाकांत म्हणाला.

गाडी हलली. माणूस मोठा गोड होता, कमलाकांतला वाटलं. पण आपल्याला दुसराच कोणी समजून बोलत होता.

काटेपूर्णेच्या पुलावर वारा आला. त्याला भूक लागली होती. डबा उघडला, तर सांबारवड्या, काठोकाठ. प्रमोदिनीचंही लक्ष ठिकाणावर नसतं हल्ली. त्याने झाकण लावून टाकलं.

घाम पुसायला रुमाल काढला. त्याला गाठ होती. ही कशाची, म्हणून त्याने थोडा विचार केला. मग दातांनी सोडवली आणि मान पुसली.

*

टिळक रोडवर नव्या इमारतीसमोर टांगा थांबला तेव्हा पेंटर शिडीवर चढून पाटी रंगवत होता. निळ्यावर पांढरी अक्षरं: पाठक बंधू, फोटोग्राफर.

"अहो, बंधू कोणी लिहायला सांगितलं?"

"वरचे साहेब म्हनले जी. सरप्राईज द्याचं हाय म्हने कोनाले तरी."

"पुसा ते. मी एकटाच आहे."

जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता. वरची खोली रिकामी, पांढरीशुभ्र, उत्तरेचा उजेड दुधासारखा पसरलेला. खिडकीपाशी एक उंच माणूस कुंचला घेऊन उभा होता. केसांत चुना, हातांवर चुना. पावलांच्या आवाजाने तो वळला आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"आलास? पाटी बघितलीस का? आणि माझा डबा कुठे आहे रे?"

मजुराने एकदम अरे-तुरे करावं हे कमलाकांतला रुचलं नाही. पण माणूस वयाने मोठा दिसत होता, आणि चेहरा मोठा प्रसन्न होता.

"आपण इथले मिस्त्री का?" त्याने अदबीने विचारलं.

माणूस मोठ्याने हसला. "मिस्त्रीच तर झालोय. मजुरी दे आता."

"देतो ना. किती ठरली होती? आणि पाटी कोणाला विचारून करायला दिली? मला भाऊ नाही."

माणूस हसतच होता. मग त्याने कमलाकांतच्या डोळ्यांत पाहिलं. आयुष्यभर माणसांच्या चेहऱ्यांत पाहिलेली नजर होती ती. खरं बसलेलं तोंड आणि आव आणलेलं तोंड तिला कळत होतं. त्याच्या हातातला कुंचला हळूच खाली आला. चुन्याचा थेंब फरशीवर पडला.

"कमल," तो म्हणाला. "कमल, बाळा."

कमलाकांतला अवघडल्यासारखं झालं. ऊन लागलं असेल बिचाऱ्याला. त्याने डबा उघडून खिडकीत ठेवला.

"घ्या. मला चालत नाहीत. का दिल्यात कोण जाणे."

माणसाने डब्याकडे पाहिलं. हात लावला नाही.

कमलाकांतने कॅमेऱ्याची पेटी उघडली. आत काच घालून तयार होती. का ते आठवेना, पण बरंच झालं. नव्या जागेचा उजेड कसा पडतो ते बघायलाच हवं होतं. तिवई उभी केली, खोलीतली एकुलती खुर्ची खिडकीसमोर ओढली.

"जरा बसता का इथे? दोन मिनिटं."

माणूस येऊन बसला. सांगावं लागलं नाही: पाठ ताठ, हनुवटी किंचित उजवीकडे. आणि दोन्ही हात उचलून त्याने छातीशी धरले, मध्ये रिकामी जागा ठेवून, जणू तिथे पाटी होती.

"आधी कधी बसलेले दिसता," कमलाकांत कौतुकाने म्हणाला.

माणसाचे डोळे वाहत होते. पण तो हलला नाही. काच हलू नये म्हणून कसं बसायचं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

कमलाकांतने झाकण काढलं, मनात मोजलं, लावलं.

"झालं. रडू नका हो, हा कुठे कोणाला दाखवायचा नाही." तो काच काढून घेत म्हणाला. "चाचणीची काच आहे. ही आम्ही ठेवत नाही, धुऊन टाकतो."